पसंतीक्रम

उपासना संपली की सुवार्ता मागे राहते.
बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करते,
मी पंख्यांची बटणं बंद करतो एकेक.
शेवटचा पंखा थांबेपर्यंत
तिला विचारून घ्यायचं असतं.

"काका, पसंतीक्रमात पहिलं काय लिहू?"

मंगळवारी रात्री बाराला फॉर्म बंद.
पुण्याला भूगर्भशास्त्र,
की इथंच गंगापूर रोडला फार्मसी,
घरचा डबा, सातच्या आत घरात.
आई म्हणते, दगड शिकून कुणाचं पोट भरलंय?
पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना कर.
आणि तरुण संघाचा पुढारी काय म्हणतो
ते ऐकायला ती उभी,
छातीशी गीतपुस्तकांची चळत.

सातपूरला मी एकतीस वर्षं लेथवर काढली.
लोखंडातली केसभर चूक मला बोटाला कळते.
माणसातली नाही.

आमोस पाथरेला मीच सांगितलं होतं,
याच्याच मागच्या बाकावर.
दोघांनी डोळे मिटले,
मला आत एकदम शांत वाटलं,
आणि त्या शांततेला मी देवाची सही समजलो.
मेकॅनिकल घे, म्हणालो.
यंत्रं मला आवडायची.
तो पहाटेच्या एसटीनं नांदूरमधमेश्वरला जायचा, पाखरं मोजायला.
हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

चार विषय राहिले, मग सहा, मग चर्चही.
त्याच्या आईनं कधी बोल लावला नाही.
नाताळात करंज्यांचा डबा यायचा, तो फक्त थांबला.

मागच्या मार्चात दाराची बेल वाजली.
हेल्मेट, पिवळा टी-शर्ट, हातात दूध आणि पाव.
"काका, ओटीपी."
मी चार आकडे सांगितले.
इतक्या वर्षांत मी त्याला सांगितलेली
तेवढी एकच गोष्ट बरोबर निघाली.
आत ये म्हणेपर्यंत
तो दोन-दोन पायऱ्या उतरून गेलाही होता.

फॉर्मात खाली एक रकाना आहे, धर्माचा.
सुवार्ताचं बोट तिथं रेंगाळतं.
शाळेच्या दाखल्यावर पणजोबांनी एक लिहून ठेवलंय,
बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरं.
आमच्या घरीही असे दोन कागद आहेत,
वेगवेगळ्या ट्रंकांत.
खरं तेच लिही, हे मला म्हणायला सोपं,
फी तिच्या वडलांना भरायचीय.
मी खिडकीकडे बघत राहतो.

मग विचारतो, पण दगडच का गं?
ती पर्समधून रुमाल काढते, रुमालातून दगड.
पांडवलेण्यांच्या पलीकडं खाण आहे, तिथला.
बाहेरून काळा, ओबडधोबड.
पोटात पांढऱ्या सुयांचं फूल,
श्वास लागला तर मोडेल असं.
"साडेसहा कोटी वर्षं, काका.
कुणी बघत नसताना."

रविवारच्या शाळेत हिला सृष्टीचे सहा दिवस
मीच शिकवले होते, फळ्यावर खडूनं.
तिलाही ते आठवत असणार.
दोघंही काही बोललो नाही.
पंखा थांबला.

मग जे मला येतं तेवढं सांगितलं.
पुण्यात चर्च शोध. मागच्या बाकावर बस.
तीन रविवारांत कुणी चहाला थांब म्हणालं नाही
तर दुसरं शोध.
एखाद्या रविवारी झोपलीस, तर झोप.
फोन करत जा, हजेरी मी घेणार नाही.
आणि पहिलं काय लिहायचं
ते तुझ्या बोटाला माहीत आहे, मला नाही.

तिनं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.
कुलूप लावताना कळलं,
दगड माझ्याच खिशात राहिलाय,
चर्चच्या किल्ल्यांशेजारी.

रात्री घरात दूध असताना
मी पुन्हा दूध मागवलं.
दुसराच मुलगा आला.
चार आकडे सांगण्याआधी
मी त्याला आत ये म्हणालो.